शाँतपी, मु. पो. माहीत नाही

नेवरेकरसाहेबांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलंच नाही. आखातात, हवल्लीतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. आत आम्ही दोघंच, घामानं निथळत. आणि हे पन्नाशी उलटलेले, कडक इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ मला अगदी शांतपणे म्हणाले, "आडनाव?"

मी म्हटलं, "अहो, आधी ती घंटा तरी दाबू या!"

"दाबलीय. हारिस येईल. तोवर आडनाव."

हारिस म्हणजे आमच्या इमारतीचा राखणदार. तो झोपेतून उठून, चहा पिऊन येणार हे दोघांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "कावळे."

त्यांनी चष्म्यावरून मला आपादमस्तक न्याहाळलं. "हं. टोपणनाव. कुणातरी पूर्वजाचा रंग, नाहीतर आवाज. चिकटलं ते चिकटलं. मूळ गाव?"

"नगर जिल्हा."

"जिल्हा नाही विचारला. मूळ गाव."

आता खरं सांगतो, मला माहीत नव्हतं. आजोबा कुठूनतरी नगरला आले एवढंच घरात बोललं जायचं. मी तसं सांगितल्यावर त्यांनी खिशातून छोटी वही काढली, 'कावळे' असं लिहिलं आणि त्याभोवती लाल पेनानं ढगासारखा नागमोडी वेढा काढला. "होल्ड," ते म्हणाले. इतक्यात लिफ्ट हलली, नाहीतर माझ्या पणजीपर्यंत पोचलेच असते.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. नेवरेकर आमच्या समोरच्याच दारात राहायचे. त्यांचा फ्लॅट गेल्या वर्षी रिकामा झाला आणि तिथं एक लेबनीज जोडपं आलंय. चांगली माणसं आहेत, ईदला डबा पाठवतात. पण लिफ्टमध्ये मला कुणी आडनाव विचारत नाही, आणि तेवढ्यासाठी जीव चुटपुटेल असं कुणी मला बारा वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

तर ते होल्ड. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीवर एका कंत्राटदाराच्या ऑफिसात नेवरेकर डॉक्युमेंट कंट्रोलर होते. म्हणजे तिथं तयार होणारं प्रत्येक ड्रॉइंग, प्रत्येक कागद यांच्या हाताखालून जायचा. क्रमांक, तारीख, कितवी सुधारणा, सगळं तपासूनच तो पुढं सरकायचा. ड्रॉइंगमध्ये एखादं माप ठरलेलं नसलं, की त्याभोवती लाल ढग काढून आत HOLD असं लिहितात. ढग आहे तोवर त्या जागी एक खिळा ठोकायचा नाही. नवी सुधारणा आली की जुन्या प्रतीवर 'सुपरसीडेड', म्हणजे रद्द, असा शिक्का. तीस वर्षं हे काम केल्यावर माणसाचं जे होतं ते यांचं झालं होतं. वहिनींनी आमटी केली की हे चाखून म्हणायचे, "अप्रूव्ह्ड, विथ कॉमेंट्स." आणि कॉमेंट्स नेहमी मिठाबद्दल असायच्या.

ऑफिस सुटल्यावर मात्र त्यांचं खरं काम सुरू व्हायचं. ते म्हणजे नेवरेकर घराण्याचा कुलवृत्तान्त. जुनी आवृत्ती त्यांच्या चुलत आजोबांनी काढलेली. नवी काढायचा विडा पुण्याच्या समितीनं उचलला आणि संपादनाचं लोढणं यांच्या गळ्यात टाकलं. इतरांना ते लोढणं वाटलं असतं. यांना राज्य मिळालं. जगभर पसरलेल्या नेवरेकरांना यांचे फॉर्म जायचे. मुलगे, सुना, मुली, जावई. आणि प्रत्येक सुनेच्या माहेरचं, प्रत्येक जावयाच्या घरचं आडनाव आणि मूळ गाव. नियम एकच: "गाव नाही, तर नोंद नाही. आणि ऐकीव माहिती छापत नाही. ज्याची त्यानं द्यायची."

नागपूरच्या एका नातेवाइकानं सुनेच्या माहेरचं गाव 'बहुधा वाईजवळ' असं लिहून पाठवलं. यांनी फॉर्म परत पाठवला. शेरा: 'बहुधा नावाचं गाव नकाशात सापडत नाही.'

इथल्या लोकांवर ते खूश असत. "कावळे, हे अरब बघा. स्वतःचं, बापाचं, आजोबांचं, घराण्याचं नाव सांगितल्याशिवाय सरकारी कागद पुढं सरकत नाही. याला म्हणतात शिस्त! आपल्याकडं काय? 'पिंट्या' एवढंच." आमच्या इजिप्शियन हारिसला त्यांनी एकदा पायऱ्यांवर बसवून त्याच्या पाच पिढ्या वदवून घेतल्या. तो बिचारा लिफ्ट दुरुस्त करायला आला होता. लिफ्ट दोन दिवस बंद राहिली, पण हारिसच्या खापरपणजोबांचं नाव इमारतीत सगळ्यांना पाठ झालं.

आणि हमीदभाई. खाली रस्त्यावर त्यांचं शिंप्याचं दुकान. रत्नागिरीकडचे. एकदा पॅन्ट आखूड करायला गेलेले नेवरेकर अडीच तासांनी वर आले, ते लग्न ठरल्यासारखे. "कावळे, हमीदभाईंचं आडनावही नेवरेकर! गावही नेवरे! त्यांच्या घरापासून आमच्या मूळ घराचं जोतं दिसतं म्हणतात!" त्यांनी तडक कुलवृत्तान्ताला एक परिशिष्ट जोडलं, 'आमचे गावकरी', आणि त्यात हमीदभाईंचं अख्खं कुटुंब घातलं. पुण्याच्या समितीनं कुरकुर केली. यांनी उलट टपाली कळवलं, 'गाव एक, आडनाव एक. आक्षेप असल्यास मुद्दे क्रमांकासह पाठवावेत.' समितीला क्रमांक काही सुचले नाहीत.

एवढं मोठं मन असलेला हा माणूस स्वतःच्या एकुलत्या एक मुलीशी मात्र चार वर्षं बोलत नव्हता.

मुग्धा. हवल्लीतच वाढलेली, हुशार, आणि स्वभावानं थेट बापावर गेलेली. शिकायला फ्रान्सला गेली, तिथं नोकरी लागली, आणि एके दिवशी फोनवर सांगितलं की लग्न करतेय. मुलाचं नाव लूक. नेवरेकरांनी अर्थातच विचारलं, "आडनाव?"

"शाँतपी."

"अर्थ काय?"

"माहीत नाही, बाबा."

"मूळ गाव?"

"बाबा, मी त्याच्याशी लग्न करतेय, त्याच्या गावाशी नाही."

फोन स्पीकरवर होता आणि दार उघडं होतं. पुढचं सगळं आम्ही ऐकलं, न ऐकून सांगतो कुणाला! नेवरेकर म्हणाले, "ज्याच्या आडनावाला अर्थ नाही, ज्याला गाव नाही, अशा घरात माझी मुलगी गेली तर तिची नोंद मी करणार नाही." पलीकडून मुग्धा म्हणाली, "नका करू," आणि फोन ठेवला. लग्न फ्रान्सलाच झालं. हे गेले नाहीत, वहिनींनाही जाता आलं नाही. त्या दिवसापासून त्या घरात मुग्धाचं नाव बंद झालं. लूकचा उल्लेख करायची वेळच आली तर 'तो इसम'.

वहिनी मात्र आई होत्या. दर शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला आमची बेल वाजायची. दारात वहिनी, हातात स्टीलची रिकामी वाटी. "अलका, विरजण आहे का गं? परत संपलं बघ." मग ती वाटी आमच्या ओट्यावर राहायची आणि वहिनी आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मुग्धाला व्हिडिओ कॉल लावायच्या. शनिवार हाच दोन्ही देशांतला सामाईक सुट्टीचा वार. आणि शनिवारी नेवरेकर घरी. म्हणून आमचा ओटा. अलका, म्हणजे माझी बायको, मला म्हणायची, "खाली वाण्याच्या बकाल्यात दह्याचे डबे शिगोशीग भरलेत. पण बहाणा कसा साधा शोधलाय बघ वहिनींनी. कुणाला संशय नको." आम्हीही कधी विचारलं नाही. नेवरेकरांना संशय येण्याचा प्रश्न नव्हता, कारण दही या पदार्थाशी त्यांचा संबंधच नव्हता. पंगतीत दही वाढायला कुणी आलं की ते ताटावर आडवा हात धरायचे. "नको. दही म्हणजे सर्दीचं कोठार." आधीच त्यांना शिंकांचा त्रास. त्यातून शनिवारी तर हटकून. आमची दोन्ही स्वयंपाकघरं एकाच डक्टवर उघडायची. इकडे वहिनी मुलीशी बोलत असायच्या आणि तिकडून शिंकांची लड ऐकू यायची. लिफ्टमध्ये भेटले की नाक पुसत म्हणायचे, "वाळवंटाची धूळ, कावळे. सुट्टीच्या दिवशीच नेमकी उडते."

दोन वर्षांनी मुग्धाला मुलगी झाली. मीरा. फोनमध्ये आमचंच स्वयंपाकघर दिसायचं, त्यामुळं त्या पोरीला तिकडचा पुरुष म्हणजे मी एवढंच ठाऊक. वहिनींनी शिकवलं, "हे बघ, काऊकाका." झालं. मी चहा घ्यायला गेलो तरी पडद्यातून "काऊ! काऊ!" आणि मी काव काव केल्याशिवाय सुटका नाही. बँकेत हाताखाली बारा माणसं असलेला मी, शनिवारी सकाळी फ्रिजपाशी उभा राहून काव काव करायचो. आणि मला आवडायचं, उगाच खोटं कशाला बोलू.

मग कुलवृत्तान्त छपाईला आला.

प्रुफं घरी आली तो दिवस आठवतो. नेवरेकरांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर गठ्ठा. "बघा कावळे, एक होल्ड शिल्लक नाही." मी पानं चाळत त्यांच्या स्वतःच्या पानावर आलो. मुकुंद, पत्नी सुमन, आणि खाली मुग्धाची ओळ. 'विवाहोत्तर: सौ. मुग्धा लूक शाँतपी. मूळ गाव:' आणि पुढं लाल ढग.

"हा एक आहे की," मी म्हटलं.

त्यांनी गठ्ठा ओढून घेतला. "तो आहे. तो सुटेल."

म्हणजे नोंद करणार नाही म्हणणाऱ्या माणसानं ओळ लिहिली होती. पण नियम त्यांचाच. गाव नाही, तर नोंद नाही. ज्या नियमावर अर्ध्या महाराष्ट्राचे फॉर्म परत पाठवले, तो घरच्या मुलीसाठी मोडला असता तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. समितीनं मुदत दिली: महिनाभरानं, रविवारी सकाळी छपाई सुरू. तोवर गाव आलं नाही तर मुग्धाची ओळ घराण्याच्या पुस्तकातून जाणार, आणि ती खोडायची तीही बापानंच.

मी रात्रीच्या जेवणाचीही वाट पाहिली नाही. घरी आल्या आल्या, खाली भाजी आणायला गेलेल्या वहिनींना फोन केला. "वहिनी, तुम्हाला गाव माहीत असेल ना? सांगून टाका आणि मोकळ्या व्हा."

"माहीत आहे भावजी. मुग्धाच्या सासऱ्यांनीच सांगितलंय."

"मग?"

"मी सांगितलं तर ते ऐकीव. छापणार नाहीत. आणि त्यांनी छापलं तरी मला नको. चार वर्षं माझी लेक तिकडं एका प्रश्नाची वाट बघतेय. तो त्यांनी तिला विचारायचा. तुम्ही मध्ये पडलात तर बघा, विरजण बंद!" धमकी गंभीर होती. मी तोंड शिवून घेतलं.

आणि नेवरेकर कामाला लागले. मुलीला एक फोन करायचा सोडून जगातलं बाकी सगळं त्यांनी केलं. फ्रेंच आडनावांच्या याद्या इंटरनेटवर धुंडाळल्या, भाषांतराच्या यंत्रातून काढल्या. रोज संध्याकाळी लिफ्टमध्ये मला अहवाल. "दुर्मिळ आहे, कावळे. फ्रान्समध्येसुद्धा फार थोडी घरं. पाटील-जोशींसारखं ढिगानं नाही."

"चांगलंच की मग."

"चांगलं-वाईट नंतर. आधी अर्थ."

अर्थ सापडला तो रिफायनरीवर. तिथं काही दिवसांसाठी एक फ्रेंच इंजिनिअर आला होता. नेवरेकरांनी त्याला चहाच्या सुट्टीत गाठलं आणि कागदावर आडनाव लिहून पुढं केलं. तो हसला. म्हणाला, उभ्या आयुष्यात या नावाचा माणूस भेटला नाही, पण अर्थ सरळ आहे: पाखरू गातं ती जागा. कुठलं पाखरू? त्यानं सांगितलेलं इंग्रजी नाव यांना कळेना, म्हणून त्यानं कागदावर चित्रच काढून दिलं. काळा-पांढरा, लांब शेपटीचा पक्षी. गातो म्हणायचं, पण खरं तर नुसता कचकच करतो, नाव बहुधा कुणीतरी चेष्टेनं पाडलं असेल. आणि जात कुठली? तर कावळ्याची.

त्या दिवशी नेवरेकर कंपनीच्या बसमधून उतरले ते घरी न जाता थेट आमच्या दारात. तो चित्राचा कागद त्यांनी माझ्या नाकासमोर धरला.

"कावळे, अभिनंदन. आमचे जावई तुमच्या भावकीतले निघाले!"

मी हसणार तेवढ्यात त्यांचाच चेहरा पडला. 'जावई' हा शब्द त्यांच्या तोंडून चार वर्षांत पहिल्यांदा बाहेर आला होता. समोरच्या दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. पदर तोंडाला लावून त्या आत गेल्या. नेवरेकरांनी कागदाची नीट चौपदरी घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "म्हणजे तो इसम."

"सुपरसीडेड साहेब," मी म्हटलं. "एकदा नवी प्रत निघाली की जुनी चालत नाही." त्यांनी आपलं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये मात्र स्वतःहून बोलू लागले. "ते गावाचंच नाव आहे. तिकडं पश्चिमेला त्या नावाचं एक मोठं गाव आहे आणि त्याच नावाच्या वाड्या-वस्त्याही बऱ्याच. आपल्या नेवरेकर-चिपळूणकरांसारखं. एक विचार केलात का कधी? नेवऱ्यात राहणाऱ्याला नेवरेकर कोण म्हणणार? तिथं सगळेच नेवऱ्याचे. गाव सोडलं, की मग गाव आडनावाला येऊन चिकटतं. म्हणजे हे आडनाव घर सोडून गेलेल्या माणसाचं."

लिफ्ट चौथ्या मजल्यावर येऊन उघडली, पण ते हलले नाहीत. "मी तीस वर्षांपूर्वी घर सोडलं. माझा बापही तेव्हा महिनाभर बोलला नव्हता."

"मग कोण बोललं आधी?"

"तोच. माझं पत्र येईना म्हणून त्यानं लिहिलं. 'पत्ता बरोबर आहे का, एवढंच कळव' म्हणून." आणि घाईघाईनं म्हणाले, "पण प्रश्न आहे त्या नावाच्या एवढ्या वाड्यांतली यांची कुठली? ते पुस्तकात मिळत नाही. ते घरच्या माणसालाच ठाऊक."

"मग विचारा घरच्या माणसाला."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना रिफायनरीत काडी ओढायला सांगितलीय.

महिना संपत आला. समितीचा निरोप आला: एक ओळ गाळून टाकू, नाहीतर जागा कोरी सोडू. कोरी जागा म्हटल्यावर नेवरेकर फोनवर कडाडले ते डक्टमधून आम्हाला स्वच्छ ऐकू आलं. "होल्ड घेऊन ड्रॉइंग साइटवर जात नाही! माझ्या मुलीच्या नावापुढं कोरी जागा सोडता? काय बेवारस आहे ती?"

शनिवार उजाडला. मुदतीचा शेवटचा दिवस. वहिनी आल्या, वाटी ओट्यावर ठेवली. डोळे सुजलेले. "सकाळपासून तोंडातून शब्द नाही. प्रुफं समोर, हातात लाल पेन. मी म्हटलं, खोडायचं असेल तर मी घराबाहेर गेल्यावर खोडा." त्यांनी कॉल लावला. मीरा पडद्यावर आली. "काऊ! काऊ!" मी काव काव केलं, पण त्या दिवशी माझ्या आवाजात दम नव्हता.

बेल वाजली.

मी दार उघडलं. दारात नेवरेकर. सुट्टीचा दिवस असून कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, वही. आणि हातात एक स्टीलची रिकामी वाटी.

"विरजण आहे का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "साहेब, वहिनी आत्ताच... म्हणजे त्यांनी वाटी..."

"मला वेगळं हवंय." मग खाली बघत म्हणाले, "आत येऊ का?" इतक्या वर्षांत हा माणूस आमच्या घरात विचारून कधी आला नव्हता.

ते स्वयंपाकघरात आले तशा वहिनी स्टुलावरून उठल्या. फोन अलकाच्या हातात गेला. पडद्यावरची मुग्धा बोलता बोलता थांबली. नेवरेकरांनी वाटी ओट्यावर पहिल्या वाटीशेजारी ठेवली, खिशातून वही काढली, पेनाचं टोपण उघडलं. ऑफिसात काढायचे तो आवाज काढला.

"मुग्धा, एक माहिती हवी होती."

"बोला, बाबा."

"तुझ्या सासरचं मूळ गाव."

"कशाला हवंय?"

"नोंदीसाठी."

"तुम्ही नोंद करणार नव्हतात."

बापाचीच मुलगी ती. अलकानं माझा हात धरला. नेवरेकर वहीकडं बघत राहिले. मग त्यांनी वही मिटली आणि ओट्यावर ठेवली. "ते विधान रद्द समज. सुपरसीडेड. जुनी प्रत असली तर फाडून टाक." एवढं बोलून त्यांचा ऑफिसचा आवाज संपला. पुढचं त्यांनी त्यांच्या स्वतःच्या आवाजात सांगितलं, आणि तो फाटका निघाला. "चुकलो गं मी. सगळ्या जगाला तुझं गाव विचारत फिरलो. तुला नाही विचारलं."

मुग्धा रडायला लागली. वहिनी आधीच रडत होत्या. आई का रडते हे बघायला मीरा पडद्यात घुसली, नाक काचेला चिकटवून. तिला आमचं नेहमीचं स्वयंपाकघर दिसलं, नेहमीचा फ्रिज दिसला, आणि फ्रिजपाशी उभा एक पुरुष.

"काऊ?" तिनं विचारलं.

माझ्या आडनावाला टोपणनाव म्हणणारा हा माणूस. 'मी आजोबा' असं म्हणायचा त्याला पुरेपूर हक्क होता. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "हो बाळा. काऊच." आणि काव काव केलं. फार वाईट केलं. मीरा खदखदून हसली आणि "अजून" म्हणाली. तिला तेवढं मराठी येत होतं.

गाव मिळालं. शाँतपी नावाचीच एक वाडी, पाच-सहा घरं, लूकचे पणजोबा तिथून कामासाठी शहरात गेले. मुग्धा म्हणाली, "आम्ही जाऊन आलो, बाबा. गावाच्या पाटीखाली मीराचा फोटो काढलाय. तुम्ही कधीतरी विचाराल म्हणून."

"पाठव," नेवरेकर नाक पुसत म्हणाले. "पुरावा म्हणून लागेल." तो पुरावा कुलवृत्तान्ताच्या फाइलीत कधीच लागला नाही. तो त्यांच्या पाकिटात असायचा आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला दाखवला जायचा, हारिसला तर दोनदा.

नेवरेकर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी आधी फ्रान्सला जायचं आणि मग रत्नागिरीला, असं ठरवलं. सामान बांधायला आम्ही दोघं गेलो होतो. प्रत्येक खोक्याला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाची यादी. त्यांनी मला छापील कुलवृत्तान्ताची प्रत दिली. परिशिष्टात, हमीदभाईंच्या खाली, एक नवी ओळ होती: 'कावळे. मूळ गाव: शोध चालू.' भोवती ढग नव्हता.

वहिनी भांडी गुंडाळत होत्या. एकदम हात थांबवून म्हणाल्या, "अलका, एक गंमत सांगू? त्या शनिवारपासून आजतागायत आमच्याकडचं विरजण एकदाही संपलं नाही."

अलका हसली. "बहाणा करायचं कारणच उरलं नाही ना."

"बहाणा कसला गं? खरंच संपायचं. शुक्रवारी संध्याकाळी पातेलं भरलेलं असायचं आणि शनिवारी सकाळी बघावं तर घासूनपुसून रिकामं. मला वाटायचं, मीच वेंधळी, बाजूला काढायची विसरते. चार वर्षं, एक शनिवार चुकला नाही. मेलं घरात माणसं दोन. मी तर खात नव्हते."

आम्ही तिघांनीही वळून पाहिलं. नेवरेकर आमच्याकडं पाठ करून खोका क्रमांक सातला दोरी बांधत होते. त्यांचे हात थांबले होते, पण ते वळले नाहीत.

"धूळ फार आहे हो या घरात, कावळे," ते म्हणाले, आणि रुमाल काढून नाक पुसलं.

अलकानं त्याच सकाळी ते घर झाडून लख्ख केलं होतं. मी म्हटलं, "हो साहेब, फार आहे," आणि माझाही रुमाल काढला.